बंद शेडमधली जपानी गाडी

१

शनिवारी दुपारी सव्वातीनला, जालन्याहून परतल्या परतल्या, ऋषी टेंभुर्णीकरनं शेडचं कुलूप काढलं, पत्र्याचं दार सरकवलं, आणि आत गाडी नव्हती.

कुलूप शाबूत होतं. कडीकोयंडा जागच्या जागी. त्या शेडला खिडकी कधी नव्हतीच. आणि गाडीची एकुलती एक किल्ली त्या वेळी ऋषीच्या वडिलांच्या, जगन्नाथकाकांच्या, शर्टाच्या खिशात होती. सकाळी नऊपासून ती तिथंच होती, आणि काका नऊपासून जालन्याला गेलेले, साठ किलोमीटरवर, आरटीओच्या बाकावर.

ऋषीनं पोलिसांच्या आधी मला फोन केला.

"तृप्ती, जल्दी ये. मोठी गाडी चोरीला गेली."

मी तृप्ती गाडेकर. ठोकलेल्या, जळालेल्या, चोरीला गेलेल्या गाड्यांची पाहणी करायची आणि विमा कंपनीला अहवाल द्यायचा, हे माझं पंधरा वर्षांचं काम. शहागडच्या पुलापासून जाफराबादपर्यंत असा रस्ता नसेल जिथं मी टेप घेऊन वाकलेली नाही. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. भोकरदनला आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, मोठी गाडी म्हणजे एकच.

ती आली १९९८ साली. जगन्नाथकाका केनियात, किसुमूजवळच्या एका साखर कारखान्यावर अकरा वर्षं इंजिनिअर होते. ते आणि रजनीकाकू तिकडं. ऋषी आणि भार्गवी ही दोन मुलं शिक्षणासाठी इथं आजीजवळ. कायमचं परत येताना बोटीतून ही गाडी आली. जपानी, पांढरीशुभ्र, आठ माणसांची. क्लच नाहीच, गिअरचा दांडा स्टेअरिंगला लागून. आणि मधलं दार बाहेर उघडायचं नाही, मागं सरकायचं. शाळा सुटली की आम्ही पोरं नुसतं ते दार सरकताना पाहायला त्यांच्या फाटकाशी थांबायचो.

भार्गवी माझ्या वर्गात. नववीत असताना आमच्या कबड्डीच्या संघाची जालन्याची एसटी चुकली, तेव्हा काकूंनी काकांना गाडी काढायला लावली. आम्ही नऊ मुली कोंबून बसलो. काका चालवत होते. काकू त्यांच्या मागं, मधल्या सीटवर, मांडीवर गूळ-शेंगदाण्याचा डबा घेऊन. प्रत्येक वळणाला त्या हळूच म्हणायच्या, "आता घ्या... हळू." आणि त्यांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जायचा. आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसून हसायचो. आम्ही हरलो त्या दिवशी, पण येताना सगळा संघ गाणी म्हणत आला.

त्या गाडीचा आता सौदा झाला होता. नाशिकचे सोमेश्वर नावाचे एक गृहस्थ जुन्या परदेशी गाड्या जमवतात, ते ती घेणार होते. सोमवारी सकाळी ट्रेलर येणार होता. आणि ती गाडी चालवता येणारी भोकरदनातली तिन्ही माणसं, म्हणजे काका, ऋषी आणि मेकॅनिक भिवा, कागदपत्रांसाठी त्या शनिवारी एकाच बाकावर जालन्यात बसलेली होती. सोमेश्वरही त्यांच्याच शेजारी.

मग गाडी नेली कुणी?

२

मी पोचले तेव्हा ऋषी फाटकाशी येरझाऱ्या घालत होता. तो संभाजीनगरला बँकेत अधिकारी आहे. आईवडिलांनी आता भोकरदन सोडून आपल्याकडं यावं, असं त्याचं दोन वर्षांपासून चाललं होतं, आणि गाडी विकणं हा त्यातला पहिला भाग.

"क्रेन आणली असेल," तो म्हणाला. "दुसरं काय?"

मी मातीकडं पाहिलं. फाटकाबाहेर मऊ धूळ होती. क्रेनचे रुंद टायर, ओढल्याचे पट्टे, काही नाही. चार टायरांच्या स्वच्छ खुणा शेडमधून निघाल्या होत्या, अंगणात वळल्या होत्या आणि फाटकातून डावीकडं, जाफराबाद रस्त्याला गेल्या होत्या. गाडी स्वतःच्या चाकांवर गेली होती. कुणीतरी ती सुरू करून नेली होती.

फाटकाचे दोन्ही खांब मी जवळून पाहिले. टेंभुर्णीकरांचं फाटक अरुंद आणि शेडला तिरकं. काकांना गाडी काढताना ती कायम तीनदा फिरवावी लागायची. पुढं, मागं, पुन्हा पुढं. तरी डावा खांब घासायचाच. सत्तावीस वर्षांचे पांढऱ्या रंगाचे ओरखडे त्या खांबावर एकावर एक बसले होते. मी नखानं खरवडून पाहिलं. सगळे जुने, धुळीनं भरलेले. आजचा एकही नाही.

मातीतली खूणही तेच सांगत होती. एकच वळण. ना पुढं, ना मागं.

शेडमध्ये गेले. गाडीखाली तेल ठिबकायचं म्हणून जर्मनची एक जुनी परात कायम ठेवलेली असायची. चोरानं ती चाकाखाली चेंगरली असती किंवा लाथेनं उडवली असती. ती भिंतीशी, फळीवर सरळ ठेवलेली होती, तेलाचा एक थेंब न सांडता. शेजारी गाडीची खोळ. जुन्या चादरी जोडून शिवलेली मोठी खोळ ती, चौपदरी घडी घालून, कडेला कड जुळवून ठेवली होती.

मी वळले तर दारात जगन्नाथकाका. शहात्तर वर्षांचा उंच माणूस, पण त्या दिवशी खांदे पडलेले. ते रिकाम्या जागेकडं बघत नव्हते. त्यांची नजर खोळीवर होती.

"काका, पोलिसांना कळवायचं का?"

"राहू दे पोलिस-बिलिस," ते म्हणाले. "जुनी गाडी. गेली तर गेली."

इतकी वर्षं रोज सकाळी जिच्या काचा पुसल्या, त्या गाडीबद्दल हा माणूस असं बोलतो? मी गाडीचे कागद मागितले. ऋषीनं फाईल आणून दिली. नोंदणीचं पुस्तक उघडलं, त्यातली एक ओळ वाचली, आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"काय झालं?" ऋषीनं विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणाले. "आधी भिवामामांना भेटते."

३

"भिवाला काय भेटतेस?" ऋषीचा आवाज चढला. "त्याचंच काम आहे हे! ती गाडी कुणालाही सुरू होत न्हाई, तुला म्हाईत आहे का? गिअरचा दांडा 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर, आणून जरासा पुढं दाबून धरावा लागतो. ते आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक न्हाई. त्यानं दुसरी किल्ली बनवली, कुणाला तरी शिकवलं, आणि आमच्यासोबत जालन्याला येऊन बसला. उद्या संध्याकाळपर्यंत गाडी मिळाली न्हाई तर मी ठाण्यात त्याचं नाव देतो."

मागं भांडं पडल्याचा आवाज झाला. रजनीकाकू ओट्यावर चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. एक कप खाली पडून फुटला होता. काकू ठेंगण्या, बारीक, एकाहत्तरच्या. त्यांचा आवाज चढलेला मी जन्मात ऐकला नव्हता.

"भिवाचं नाव घ्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या.

"आई, तू कशाला यात पडतेस?"

काकू वाकून कपाचे तुकडे गोळा करू लागल्या.

भिवामामांचं गॅरेज सिल्लोड रस्त्याला आहे. मी गेले तेव्हा ते पत्र्याच्या खुर्चीवर नुसते बसले होते. समोर एक जीप उघडी पडलेली, हात लावलेला नव्हता.

"आलीस? मला वाटलंच, माझ्याकडंच येणार सगळे," ते म्हणाले. "ताई, त्या गाडीला मी काय काय केलं म्हाईत हे का? हिचा एक पार्ट इंडियात भेटत न्हाई. सरकत्या दाराचं रोलर झिजलं, तं मी जालन्याला लेथवाल्यापाशी बसून नायलॉनचं बनवून आणलं. चार बार बनवलं, तवा बराबर बसलं. ब्रेकचे पॅड दुसऱ्या गाडीचे घासून लावले. मागचा दिवा फुटला तं काकांच्या भाच्यानं जपानहून बॅगेत घालून आणला. आन् हे लोक म्हणतेत मी चोरली?"

"विकायला निघाले तेव्हा राग आल्ता का मामा?"

"आल्ता. पण बोलायचा हक काय माझा? गाडी काकांची."

"दुसरी किल्ली कधी पाहिली होती?"

"न्हाई बा. काका म्हणायचे, दुसरी तिकडंच हरवली. आफ्रिकेत."

"आणि ती सुरू करायची युक्ती? 'एन'वर दाबून धरायची?"

"ती काय मी न्हाई शिकवली," भिवामामा म्हणाले. "गाडी आली तवापासूनच ते खटलं हे. उलट मलाच काकांनी शिकवलं."

म्हणजे ही खोड केनियातच लागली होती. माझ्या मनात काहीतरी हललं, पण अजून हाताला येत नव्हतं.

भिवामामा खालच्या आवाजात म्हणाले, "काकासाहेबाला विचार. तो मागं लागल्ता गाडीच्या."

४

काकासाहेब भंगारवाले बाजारपट्टीत बसतात. वजनकाट्याशेजारी गादी, समोर पानाचा डबा. गाडी आपल्यालाच मिळावी म्हणून त्यांनी दिवाळीआधी टेंभुर्णीकरांकडं तीन चकरा मारल्या होत्या.

"मीच चोर ना?" ते हसले. "बस ताई. अगं, मी गेल्तो एकदा. जगन्नाथराव घरात किल्ली ठेवून आंघोळीला गेल्ते, ऋषी म्हणाला, बसून पाहा. अर्धा तास बसलो. सुरूच झाली न्हाई! दांडा इकडं केला, तिकडं केला. पाय क्लच शोधून राह्यला, आन् क्लचच न्हाई. शेवटी लाज वाटून उतरलो. अन् क्रेन म्हणशील तर माझी क्रेन पंधरा दिवसांपासून सिल्लोडला खोलून पडली."

त्यांचं बोलणं मला खरं वाटलं. आणि क्रेन लागलीच नव्हती, हे मातीनं आधीच सांगितलं होतं.

"दुपारी मोठी गाडी कुणी पाहिली का इथं?"

"कोण पाहतंय? बारा ते एक नळ आल्ता ना टेंभुर्णीकरांच्या भागाला. दहाव्या दिवशी. घरोघरी मोटारी चालू, बाया हंडे घेऊन. रेल्वे गेली असती तरी कळलं नसतं."

मी उठले आणि पायरीवरच थांबले.

नळ आला होता. बारा ते एक.

दुपारी शेडमध्ये माझे हात तेलानं माखले, तेव्हा मी काकूंकडं पाणी मागितलं होतं. काकू म्हणाल्या होत्या, "हौदात न्हाई गं पाणी. तांब्याभर देते, पुरवून वापर." आणि त्याआधी मी विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं, "ही मंडळी गेल्यापासून मी घरातच होते, गुडघा दुखत होता म्हणून पडले होते."

आमच्या भोकरदनची बाई गुडघ्यावर, कमरेवर, तापात, कशाही अवस्थेत उठते, पण दहाव्या दिवशी आलेला नळ सोडत नाही. टेंभुर्णीकरांचा हौद कोरडा होता, याचा अर्थ एकच. बारा ते एक त्या घरात कुणीच नव्हतं.

५

रविवारी सकाळी मी पुन्हा गेले. काका-ऋषी आत होते. अंगणाच्या भिंतीवर गाडीच्या मॅट वाळत होत्या. विकायच्या आधी स्वच्छ कराव्यात म्हणून, शनिवारी नळ येणारच आहे या हिशेबानं हौदातल्या उरल्यासुरल्या पाण्यात, काकूंनी शुक्रवारी त्या धुतल्या होत्या. मी एकेक उचलून पाहिली, जशी मी कुठल्याही गाडीची पाहते.

पुढच्या उजव्या मॅटला पायाच्या घासण्यानं टाचेची जागा गेलेली. ते ठीक, तिथं काका बसायचे. पुढची डावी जवळजवळ कोरी. आणि मधल्या सीटची, ड्रायव्हरच्या मागची, जिथं ना ब्रेक आहे ना काही, तिला उजव्या पायाच्या चवड्याखाली रुपयाएवढं भोक पडलेलं होतं.

मला कबड्डीचा तो दिवस आठवला. "आता घ्या... हळू." भित्री बाई म्हणून आम्ही ज्यांना हसलो होतो, त्या घाबरलेल्या नव्हत्याच. त्या गाडी चालवत होत्या. मागच्या सीटवरून, ब्रेक नसलेल्या जागी ब्रेक दाबत, सत्तावीस वर्षं.

काकू तुळशीपाशी होत्या. मी जवळ गेले.

"काकू, एक विचारू? गाडीच्या पुस्तकात मालकाचं नाव रजनी जगन्नाथ टेंभुर्णीकर आहे. सगळं गाव तिला काकांची गाडी म्हणतं. बाहेर राहणाऱ्या माणसाला गाडी इकडं आणायची तर तिकडं ती त्याच्याच नावावर असावी लागते. म्हणजे केनियातही ती तुमच्याच नावावर होती."

त्यांनी तुळशीची वाळकी पानं खुडायला घेतली.

"ज्यानं गाडी काढली त्यानं परात उचलून ठेवली, खोळीची घडी घातली. शेडच्या कुलपाची चावी घरात खुंटीलाच असते, आणि त्याच्याकडं गाडीची हरवलेली दुसरी किल्ली होती. 'एन'वर दाबून धरायचं त्याला केनियापासून माहीत होतं. तिघं पुरुष जालन्यात, आणि घरात उरलेलं माणूस नळालासुद्धा हजर नव्हतं. पण मला खरं कशानं कळलं सांगू? खांबावर ओरखडा नाही. ज्यानं काल गाडी काढली त्याला ती काकांपेक्षा, ऋषीपेक्षा, भिवामामांपेक्षा चांगली चालवता येते."

काकूंच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. पकडल्या गेलेल्या माणसाचं नव्हतं ते. खूप दिवसांनी कुणी नावानं हाक मारावी, तसं होतं.

"एकदाच काढली गं," त्या म्हणाल्या. "एका वळणात. माझं मलाच खरं वाटलं न्हाई."

मग पदरानं हात पुसून म्हणाल्या, "तुझी गाडी आणलीस ना? चल."

६

जाफराबाद रस्त्याला सात किलोमीटरवर गोजरबाईंचं शेत आहे. गोजरबाई टेंभुर्णीकरांकडं वीस वर्षं कामाला होत्या. आता मुलं शेती करतात. कापूस साठवायच्या शेडचं दार त्यांनी आमच्यासाठी उघडलं. अर्ध्या शेडमध्ये छतापर्यंत कापूस, आणि त्याला टेकून पांढरी मोठी गाडी. पांढऱ्यात पांढरी. दारातून पटकन दिसलीही नसती.

"मी बाईंना म्हणलं, मालक वरडतील," गोजरबाई म्हणाल्या. "तं ह्या म्हणल्या, मालक मीच हाये गोजर."

काकूंनी मधलं दार सरकवलं. आम्ही दोघी आत बसलो. काकू सीटच्या कापडावरून हात फिरवत राहिल्या.

"कारखान्याच्या वसाहतीत आठ लेकरं होती," त्या म्हणाल्या. "शाळा तेवीस किलोमीटरवर. मी त्यांना न्यायची, आणायची. आधी कारखान्याच्या गाडीनं, मंग त्यांच्या आईबापांकडून जे मिळायचं ते साठवून ही घेतली. जुनीच होती, पण माझी. पावसाळ्यात तिथं लाल चिखल व्हायचा, ट्रकसुद्धा अडकायचे. मी कधी अडकले न्हाई. त्यातल्या एका छोटीला गाडी लागायची. तिला पुढं बसवायची आणि गोष्ट सांगायची. माझी स्वतःची दोन इथं, आजीपाशी. रोज सकाळी लोकांची आठ मोजून घ्यायची आणि आपली दोन आठवायची, असं होतं ते."

बाहेर वेचणीच्या बाया बोलत चालल्या होत्या. काकू थांबल्या, त्या लांब गेल्यावर पुन्हा बोलल्या.

"मुंबईला बंदरात गाडी उतरवली. मी सवयीनं उजव्या दारापाशी गेले. हे हळूच म्हणाले, इथं नको. बास, एवढंच. मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि मागं बसले. दुसरी किल्ली पर्समध्ये राहिली. कुणी विचारली न्हाई, मी सांगितली न्हाई."

"मग आता का, काकू?"

"विकू नका म्हणत न्हाई मी. जुनी झाली, मला कळतं. ऋषीनं कागद समोर ठेवले, म्हणाला, आई, इथं सही कर. मी चष्मा शोधेपर्यंत पान उलटून म्हणाला, इथंपण. काय विकून राह्यलो, कुणाला विकून राह्यलो, एका शब्दानं विचारलं न्हाई. विचारलं असतं ना, तर दिली असती गं मी."

"आणि गाडी इथं ठेवून घरी कशा आलात?"

"काळ्यापिवळ्या जीपनं. अकराजणींत बसून," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. लगेच गंभीर झाल्या. "भिवाचं नाव पोलिसात जाऊ द्यायचं न्हाई. मी सांगते सगळं. आजच."

तेवढ्यात शेडबाहेर मोटारीचं दार वाजलं. गोजरबाई धावत आत आल्या.

"बाई, मालक आले."

७

जगन्नाथकाका एकटेच आत आले नाहीत. मागं ऋषी होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच न समजल्याचा गोंधळ. तो एकदा आईकडं, एकदा गाडीकडं बघत होता.

"आई, गाडी इथं कुणी आणली?"

"मी," काकू म्हणाल्या.

"तू? तुला कुठं येते?"

काका पुढं झाले, गाडीच्या उघड्या दाराशी उभे राहिले.

"येते तिला," ते म्हणाले. "मला हिनंच शिकवली."

ऋषीचं तोंड उघडंच राहिलं. मीही नव्यानं ऐकत होते.

"काका, तुम्हाला कालच कळलं होतं ना?" मी विचारलं. "तुम्ही खोळीकडं पाहत होता."

"घडी पाहिली आणि कळलं. पन्नास वर्षं तीच घडी पाहतोय." ते गाडीच्या उंबऱ्यावर टेकले, काकूंच्या पायाशी. "पोरगा भिवावर आळ घेऊन राह्यला, तरी मी गप्प बसलो. आज सकाळी तुम्ही दोघी या रस्त्याला लागलात तेव्हा राहवेना. या रस्त्याला हिचं म्हणावं असं गोजरबाईंचंच घर."

"पण मंग बोलला का न्हाईत?" काकूंनी विचारलं. काल-परवाचं विचारत नव्हत्या त्या.

काकांनी गाडीच्या दाराची कड धरली.

"बंदरावर माझे वडील आल्ते, दोन भाऊ आल्ते, तुझ्या माहेरचे आल्ते. सगळ्यांसमोर तू चालवणार आणि मी बाजूला बसणार. न्हाई जमलं मला, रजनी. मनात म्हटलं, घरी गेल्यावर पाहू. मंग घरी गेलो. मंग एक महिना, मंग वर्ष. जितके दिवस गेले तितकं बोलणं अवघड झालं. आणि खरं सांगू? मला ती कधीच नीट आली न्हाई. फाटकाचा खांब साक्षीला आहे."

काकूंनी काकांच्या खांद्यावर चिकटलेला कापूस काढला आणि बोटात गुंडाळत बसल्या.

"मला फार वाईट वाटत होतं हो," शेवटी त्या म्हणाल्या. "प्रत्येक वेळी. बाजारात जाताना सुद्धा."

"कळायचं मला. मागून पाय वाजायचा तुझा."

ऋषी बाहेर गेला. थोड्या वेळानं मी गेले तर तो बांधावर उभा राहून फोनवर बोलत होता. "भिवामामा, चुकलो मी," एवढं मला ऐकू आलं. त्यानंतर तो फक्त ऐकत होता, मान हलवत. भिवामामांनी त्याला बरंच काही ऐकवलं असावं, आणि ते बरोबरच होतं.

सोमेश्वरांना फोन काकूंनी स्वतः केला. गाडी माझी आहे, सध्या द्यायची नाही, तुमची अडचण झाली त्याबद्दल माफी मागते, असं त्यांनी सांगितलं. सोमेश्वर भला माणूस निघाला. म्हणाला, "विकायची झाली तर पहिला फोन मला करा, आजी."

नोव्हेंबरात डॉक्टरचं सर्टिफिकेट घेतलं, डिसेंबरात शिकाऊ परवाना. जानेवारीत जालन्याच्या मैदानावर काकूंनी परीक्षा दिली. मी सोबत होते. आधीच्या दोन पोरांनी खुणेचे खांब पाडले होते. काकू उशीवर बसून, नाक जवळजवळ स्टेअरिंगला लावून, ती लांबलचक गाडी इंग्रजी आठच्या आकड्यातून अशी फिरवून आल्या की परीक्षा घेणारे साहेब खुर्चीवरून उठले. "आजी, कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं. "परदेशात," काकू म्हणाल्या, आणि उशी काखेत मारून खाली उतरल्या.

तो हिवाळा त्यांनी गाडी चालवली. भार्गवी पुण्याहून दोन मुली घेऊन आली, तेव्हा सगळ्यांना शहागडला नेलं, गोदावरीकाठी. मलाही बोलावलं होतं. पुलावर गाडी थांबवून काकूंनी नातींना नदी दाखवली. भार्गवी पुढं आईशेजारी बसली होती. आई चालवताना ती तिच्या हातांकडं सारखी पाहत होती. आपण इथं आजीजवळ वाढत होतो तेव्हा आई तिकडं कशी होती, हे तिनं चाळिशीत पहिल्यांदा पाहिलं.

फेब्रुवारीत गिअरबॉक्स गेला. थंड असताना चालायचा, तापला की घसरायचा. भिवामामांनी आठ दिवस खटपट केली, जालना पालथं घातलं, मग काकूंसमोर येऊन उभे राहिले. "बाई, हे मात्र माझ्यानं होत न्हाई." काकूंनी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि त्यांच्यासमोरच सोमेश्वरांना फोन लावला.

मार्चात ट्रेलर आला, सोबत सोमेश्वरही. सगळी गल्ली गोळा झाली. सोमेश्वरांचा माणूस गाडीत बसला, पण उताराच्या दोन फळ्यांवर चाकं सरळ येईनात. दोनदा घसरून खाली आला. काकू पुढं झाल्या. "सरका बाबा," म्हणाल्या. उशी ठेवली, बसल्या, आणि गाडी हळूच, न थांबता, वर चढवली. इंजिन बंद करायला त्यांनी जरा उशीर लावला. मग त्यांनी किल्ली काढली, पर्समधून दुसरी काढली, आणि दोन्ही सोमेश्वरांच्या हातात ठेवल्या.

उतरताना काकांनी हात पुढं केला. तो धरून त्या खाली आल्या.

ट्रेलर कोपऱ्यावरून वळला. शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, "जगन्नाथराव, विकली का हो गाडी शेवटी?"

"माझी कुठं होती?" काका म्हणाले. गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हिची होती. हिनं विकली."